पोरीने शिकायला जायचं ते कुठे?

(सापगाव, ता. शहापूर येथे बारावीच्या निकालानंतर झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरींनो,

मला विषय दिलाय 'मुलींचं उच्च शिक्षण'. असा विषय दिला की वक्ता सावित्रीबाईंपासून सुरुवात करतो, टाळ्या घेतो आणि चहा पिऊन आसनगावची गाडी पकडतो. पण मुलींनी शिकावं की नाही हे आता सापगावात कुणाला पटवावं लागत नाही. निकाल लागला की पेढे वाटतात. भांडण होतं ते पेढ्यांनंतर, "कुठे धाडायची?" या एका प्रश्नावरून. मी आज फक्त त्या 'कुठे'वर बोलणार आहे, कारण गेले दोन महिने माझ्या डोक्यात तेवढंच आहे.

आपल्या भागातली एक मुलगी आहे. ठाकर समाजाची, आश्रमशाळेत शिकलेली. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली. नाव सांगत नाही, तिनेच तसं बजावलंय. तिला पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेतून बोलावणं आलंय, कॅलिफोर्निया राज्यातून. आणि एक नाही, दोन पत्रं आलीत. एक डेव्हिस नावाच्या गावाहून, दुसरं रिव्हरसाइडहून. दोन्ही एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा, अशा एकूण दहा शाखा आहेत त्या विद्यापीठाच्या. सरकारी परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय, त्याचा निकाल अजून यायचाय. जातपडताळणीच्या कागदासाठी तिने किती चपला झिजवल्या ते वेगळं सांगत नाही. इथे बसलेल्या निम्म्या घरांना ते माहीत आहे.

तर तिच्या घरी बैठक बसली. वडील, काका, एक निवृत्त गुरुजी, शेजारचे दोघे आणि मी. आई चुलीपाशी. मुलगी दाराच्या चौकटीत. दहा मिनिटांत निर्णय झाला. रिव्हरसाइड. का? तर ते लॉस एंजेलिसच्या जवळ आहे, आणि लॉस एंजेलिसला 'आपली ओळख' आहे.

मीही मान हलवली. हे कबूल केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, बारा वर्षं पाड्यापाड्यांत फिरलेली मी. मलाही क्षणभर वाटलं, बरं झालं, कुणीतरी आहे तिथे.

मग मी ओळख म्हणजे नक्की कोण ते विचारलं. तिचे वडील मुरबाड रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर राखणदार आहेत. त्या फार्महाऊसच्या मालकाचा भाचा लॉस एंजेलिसला असतो. ही ओळख. चौकटीतली मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "बाबा बारा वर्षं त्यांच्या झाडांना पाणी घालतायत. मी सातासमुद्रापार जाऊन पण त्यांच्याच दाराशी उभी राहू का?"

कुणी काही बोललं नाही. गुरुजींनी पंख्याकडे पाहिलं.

नकाशा काढून आम्ही मोजलं. रिव्हरसाइड ते लॉस एंजेलिस साधारण पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर. म्हणजे आपल्या आसनगावापासून मुंबईचं शेवटचं स्टेशन. आता सांगा, आसनगावात पोरगी तापाने फणफणली तर भायखळ्याला कुणाच्या ओळखीचा माणूस आहे याचा तिला काय उपयोग? डेव्हिस उत्तरेला, लॉस एंजेलिसहून सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई-गोव्याहूनही थोडं जास्तच. कॅलिफोर्निया म्हणजे एक गाव आणि तिथे गेलं की सगळे एकमेकांना भेटतात, असं घरातल्या सगळ्यांच्या मनात होतं. ते राज्य क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राच्या सव्वापटीहूनही मोठं आहे.

ही 'ओळख' आपल्या मुलींच्या शिक्षणात फार आडवी येते. मी स्वतः त्यातून गेले आहे. मुरबाड तालुक्यातलं माझं माहेर, गावात कॉलेज नव्हतं. कल्याणला प्रवेश घेतला आणि डोंबिवलीला नातेवाइकांकडे ठेवलं. वाईट माणसं नव्हती. पण पहाटे पाणी भरायचं, त्यांच्या मुलाला शाळेत पोचवायचं, संध्याकाळच्या पोळ्या माझ्याकडे. अभ्यास रात्री अकरानंतर, आणि तेव्हा दिवा जळतो म्हणून कुणीतरी खाकरायचं. घरी सांगायची सोय नव्हती. उपकार केले होते ना त्यांनी. पहिल्या वर्षी मी दोन विषयांत नापास झाले आणि गावात चर्चा झाली की पोरीला झेपत नाही. दुसऱ्या वर्षी मी भांडून वसतिगृहात गेले. तिथलं जेवण पाणचट होतं, खोलीत चौघी होतो, नळाला रांग असायची. पण माझी वेळ माझी होती. पुढे मुंबईला समाजकार्याचं शिकायला जाताना मी आधी खाट आहे का ते विचारलं, अभ्यासक्रम नंतर.

आणि तरीही मी चूक केली. २०१७ सालची गोष्ट. एका कातकरी पाड्यावरची मुलगी विज्ञान घेऊन बारावी झाली. त्या पाड्यावरची पहिली. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे. तिला नाशिकला नर्सिंगला जागा मिळत होती, वसतिगृहासकट. दुसरीकडे कल्याणला कॉलेज होतं, जाऊन येऊन करण्यासारखं. वडिलांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही सांगाल तसं." मी नाशिक पाहिलं नव्हतं. तिथे माझं कुणी नव्हतं. उद्या काही बरंवाईट झालं तर पाडा मला विचारेल, ही भीती माझी होती, मुलीची नव्हती. मी म्हटलं, जवळचं बरं.

ते जवळचं म्हणजे काय होतं? पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत पाऊण तास चालत. तिथून सवारी जीप भरली की आसनगाव. तिथून लोकल. कसाऱ्याहून येणारी गाडी चुकली की पुढची कधी, हे इथल्या बायांना सांगायला नको. संध्याकाळी उलट तेच, आणि शेवटचा पाऊण तास अंधारात. पावसाळ्यात ओढा भरला की कॉलेज बंद. नोव्हेंबरात आईबाप भट्टीवर गेले, धाकटी भावंडं तिच्या गळ्यात पडली. फेब्रुवारीत लग्न झालं तिचं. मला पत्रिका नव्हती, बातमी कळली. मागच्या वर्षी ती बाजारात भेटली, कडेवर पोर. हसून म्हणाली, "ताई, नाशिक लई लांब होतं का हो?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी 'जवळ' आणि 'लांब' हे शब्द जपून वापरते. रोज चार तास प्रवास करणाऱ्या पोरीला कल्याण लांब असतं. खोलीपासून वर्गापर्यंत दहा मिनिटं चालणाऱ्या पोरीला नाशिक जवळ असतं. अंतर घरापासून मोजायचं की मुलीच्या खाटेपासून, एवढाच प्रश्न आहे. आपण नेहमी घरापासून मोजतो, कारण मोजपट्टी घरच्यांच्या हातात असते.

आपल्या ठाणे जिल्ह्यातूनच एक मुलगी सगळ्यात लांब गेली होती. आनंदीबाई जोशी. कल्याणची. १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलं. अठराव्या वर्षी, १८८३ च्या एप्रिलमध्ये, ती कलकत्त्याहून बोटीत बसली, नवऱ्याशिवाय. ही गोष्ट तुम्ही मालिकेत पाहिली आहे, सिनेमात पाहिली आहे. मी दुसऱ्याच एका बाजूने बघायला सांगते. ती अमेरिकेत गेली म्हणजे कुठे गेली? फिलाडेल्फियाला, कारण तिथे १८५० पासून बायकांसाठी वेगळं वैद्यकीय कॉलेज होतं. शिकायला काय जायचं ते आधी ठरलं, जागा त्यावरून ठरली. आणि बोटीतून उतरल्यावर पहिलं घर होतं न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंचं. तिचं ना नातं, ना जात, ना धर्म. पण वर्षानुवर्षं पत्रं लिहून दोघींनी एकमेकींना ओळखलं होतं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ही ओळख तिची स्वतःची होती. कुणाच्या मालकाच्या भाच्याची नव्हती.

जाण्याआधी तिने श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं. बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगरचं नव्हे. लोक जे जे विचारत होते, म्हणजे इथेच का शिकत नाहीस, एकटी का जातेस, जातीबाहेर टाकलं तर काय, ते एकेक घेऊन तिने उत्तरं दिली. अठरा वर्षांचीही पुरती न झालेली पोर स्वतः उभी राहून उत्तरं देत होती. आपल्या बैठकीत आपली पोर चौकटीत उभी होती.

पण आनंदीबाईंच्या गोष्टीला दुसरीही बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. तिथली थंडी आणि तिथलं अन्न तिला सोसलं नाही. तब्येत ढासळत गेली, क्षय झाला. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत ती पुण्यात गेली. एकविसाव्या वर्षी. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती, ते काम तिला करताच आलं नाही. म्हणून मी म्हणते, कॉलेज बघा तशी हवा बघा, खोली बघा, ताटात काय पडणार ते बघा. हे बायकी प्रश्न नाहीत. यांच्यावर माणूस जगतं किंवा मरतं.

उलट दिशेनेही एक बाई आली होती, तिचं नाव इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. गेल ऑम्व्हेट. अमेरिकेत जन्मली, कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीला शिकली. जोतीराव फुल्यांच्या चळवळीवर अभ्यास करायचा म्हणून महाराष्ट्रात आली, १९७३ साली त्यावर डॉक्टरेट मिळवली, आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची झाली. २०२१ साली तिथेच गेली. तिलाही कुणीतरी म्हणालं असेलच की, एवढ्या लांब कशाला?

तर परत आपल्या मुलीकडे. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत दोन रकाने. मी तिला शिकवावं असं त्यात काही नव्हतं, उलट मीच शिकले.

पहिलं म्हणजे तिला शिकायचंय भात. भाताचं बियाणं. २६ जुलै २००५ ला पाणी चढलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. लावलेलं सगळं भात पाण्याखाली गेलं आणि बाबा बांधावर बसून राहिले, एवढंच तिला आठवतं. डेव्हिसला भातावर मोठं काम चालतं. पामेला रोनाल्ड नावाच्या शास्त्रज्ञ तिथे आहेत. २००६ साली त्यांनी आणि फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांनी भाताला पाण्याखाली तग धरायला लावणारा गुणधर्म नेमका शोधून काढला. त्यातून 'स्वर्णा सब-१' सारखं बियाणं आलं. दोन आठवडे बुडून राहिलं तरी पुन्हा उभं राहणारं. आपल्या देशात ओडिशा, उत्तर प्रदेश अशा पुराच्या भागांत ते पोचलंही आहे. आणि डेव्हिसच्या आसपासच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात भाताचीच शेती आहे. रिव्हरसाइडचं विद्यापीठही काही कमी नाही. १९०७ साली तिथे संत्री-लिंबांच्या संशोधनाचं केंद्र सुरू झालं, त्यातून ते वाढलं. "मला आंब्याबिंब्याचं करायचं असतं तर मी तिकडेच गेले असते," असं ती म्हणाली. बैठकीत दोन तास बोललो आम्ही, पण काय शिकायचंय हे एकानेही तिला विचारलं नव्हतं.

दुसरं, पैसा. परदेश शिष्यवृत्तीत राहण्याखाण्याला मिळते ती रक्कम अमेरिकेसाठी ठरावीक असते. शहर महाग म्हणून वाढवून मिळत नाही. तेव्हा खोलीचं भाडं किती, विद्यापीठाच्या आवारात जागा मिळते का, बसचा खर्च किती हे आधी विचारायचं. डेव्हिस हे सपाट, लहान गाव आणि तिथे सगळे सायकलवर फिरतात. ते वाचून ती हसली. शाळेत असताना तिला सायकल मिळाली होती, त्या सायकलने तिचं शिक्षण वाचवलं. योजनेच्या यादीत कोणतं विद्यापीठ बसतं हे जागतिक क्रमवारीवर ठरतं, आणि नियम बदलत राहतात. म्हणून कार्यकर्त्यांनो, मागच्या वर्षीच्या कागदावर विसंबून कुणाला सल्ला देऊ नका. त्या वर्षीची जाहिरात हातात घ्या. या चुकीने मुलींचं वर्ष जातं.

हवामानाचंही तिने लिहिलं होतं. उन्हाळा कडक आणि कोरडा, पाऊस हिवाळ्यात, बर्फ नाही. खाली पेन्सिलने, 'इकडचं पाणी कालव्यांनी दक्षिणेच्या शहरांना नेतात'. ते वाचून मात्र आम्ही दोघी हसलो. तानसा आपल्याकडे, भातसा आपल्याकडे, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर. कुठेही गेलं तरी ही गोष्ट पाठ सोडत नाही.

तिसरी गोष्ट तिने लिहिली नव्हती, बोलली. जरा थांबून. दापोलीहून परतल्यावर सहा महिने ती शहरात एका नोकरीला होती. खोली बघायला गेली की आडनाव विचारायचे, मग 'मागाहून कळवतो'. तिने विचारलं, "ताई, तिकडे आपले लोक असतील तर ते पण आडनाव विचारतील ना?" मैत्रिणींनो, आपण 'तिथे आपली माणसं आहेत' म्हणतो तेव्हा आपली म्हणजे कुणाची? जात बोटीत, विमानात बसून गेलेली आहे. कॅलिफोर्नियात तो वाद उघड झालाय. २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने जातीवरून भेदभाव करायला मनाई करणारं विधेयक मंजूर केलं, राज्यपालांनी त्यावर सही केली नाही. पण त्याआधीच, २०२१ मध्ये, डेव्हिसच्या विद्यापीठाने भेदभावविरोधी नियमांत जात हा शब्द घातला होता. विद्यार्थ्यांनीच तो लावून धरला होता. नियम कागदावर असला म्हणजे सगळं झालं असं नाही, हे आपल्याला ॲट्रॉसिटीच्या कायद्यावरून चांगलं ठाऊक आहे. पण तक्रार करायला दार आहे की नाही, याला किंमत आहे. मी ते तिला वाचून दाखवलं. तिने त्या रकान्यात एक ठिपका दिला, बाकी काही लिहिलं नाही.

पुन्हा बैठक बसली. या वेळी मी एकच केलं. तिला आत बोलावून बाबांच्या शेजारी बसवलं आणि आईला चुलीपासून उठवलं. मी बोलले नाही. वही तिने वाचली. काका म्हणाले, "तिथं कुणीच नाही आपलं." ती म्हणाली, तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनेला तिने लिहिलंय, एका मुलीचं उत्तरही आलंय, विदर्भातल्या. दोघी फोनवर बोलल्यात. पहिले पंधरा दिवस तिच्या खोलीत राहता येईल. वडिलांनी विचारलं, मालकांना काय सांगायचं? त्यांनी स्वतःहून भाच्याचा नंबर दिला होता, आता नाही म्हटलं तर वाईट दिसेल. हा प्रश्न साधा नव्हता. त्यांची नोकरी, त्यांची खोपी त्याच आवारात आहे. मुलीने ठरवलं आणि बापाची भाकरी गेली, असं होता कामा नये. अर्धा तास त्यावर गेला. शेवटी ठरलं की मुलीनेच स्वतः जाऊन मालकांचे आभार मानायचे, आणि विषय भाताचा आहे म्हणून दुसरीकडे जाते असं सांगायचं. ती गेली. मालक म्हणाले, बरं. त्या 'बरं'चा अर्थ पावसाळा संपल्यावर कळेल.

म्हणजे डेव्हिस ठरलं. पैसे मात्र अजून ठरलेले नाहीत. शिष्यवृत्तीची यादी लागायची आहे, तिथले वर्ग सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतात, आणि त्याआधी व्हिसा, तिकीट, सगळं. यादीत नाव नसेल तर काय, हेही वहीत आहे. एक वर्ष मुदत वाढवून मागायची, तोवर कर्जतच्या भात संशोधन केंद्रात काही काम मिळतं का बघायचं. मागे उभ्या असलेल्या पोरींनो, तुमच्यापैकी कुणाला कॅलिफोर्निया नको असेल. शहापूरहून ठाणं, मुरबाडहून पुणं, एवढंच असेल. वही तीच लागते. या खोलीच्या कोपऱ्यात आज दोन टेबलं मांडली आहेत. एकावर वसतिगृहांचे अर्ज आहेत. दुसऱ्यावर 'स्वयं' आणि 'स्वाधार' योजनांचे, वसतिगृहात जागा नाही मिळाली तर खोलीच्या भाड्याला मदत मिळते त्याचे. आईला बरोबर घेऊन जा, आणि अर्ज स्वतःच्या अक्षरात भरा.

त्या बैठकीतलं शेवटचं तेवढं सांगते आणि बसते. सगळं ठरल्यावर तिच्या आईने तोंड उघडलं. तिने विचारलं, "तिकडं भात लावतात कसं? राब भाजतात का?" मुलगी म्हणाली, राब नाही, लावणी पण नाही. शेतात पाणी भरून ठेवतात आणि विमानातून भात पेरतात. आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली. विमानातून? मग गुडघे चोळत थोडा वेळ बसली. चाळीस पावसाळे चिखलात वाकलेली बाई ती. म्हणाली, "मग तिकडच्या बायांना काम काय गं?"

मुलीने वही उघडली आणि ते लिहून घेतलं.